मला मराठीत भांडता येत नाही

मी पस्तीस वर्षं तोफा बनवल्या आणि निवृत्त झाल्यावर प्रेमकथा लिहायला घेतली. (तोफा बनवल्या म्हणजे तोफांचे कागद बनवले. पण जबलपूरमध्ये फॅक्टरीच्या दारावरचा चौकीदारसुद्धा सोयरिकीच्या बैठकीत 'हम तोप बनाते हैं' असंच सांगतो. मी तर हेडक्लार्क होतो!) दोन्ही कामं करून पाहिल्यावर माझं प्रामाणिक मत असं, की तोफ सोपी.

तसं पाहिलं तर पहिली चौदा प्रकरणं मी नर्मदेला पूर यावा तशी लिहिली. नायक श्रीरंग, नायिका मृणाल. भेटले, लाजले, चौथ्या प्रकरणात एका छत्रीत आले आणि चौदाव्यात तिनं त्याच्या हातात हात दिला. लिहिताना मलाच इतकं भरून यायचं की बायको सुनंदा दोनदा येऊन विचारून गेली, "अहो, डोळ्यांत थेंब घातले का?"

पुण्याच्या संपादिकाबाईंनाही ती प्रकरणं आवडली. म्हणाल्या, "आता पंधराव्यात ही दोघं तुटली पाहिजेत. असं भांडण, की वाचकाच्या पोटात गोळा आला पाहिजे. कादंबरी तिथंच तरते किंवा बुडते."

"बुडवतो," मी म्हणालो. "म्हणजे, तारतो."

पंधरावं प्रकरण पाठवलं. आठव्या दिवशी फोन.

"हे काय पाठवलंय तुम्ही?"

"भांडण."

"कुठंय?"

"पान दोनशे चोवीस. वरून तिसरी ओळ."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'श्रीरंग संतापानं थरथरत म्हणाला, मृणाल, मला तुझा फार राग आला आहे. तू आधी जेवून घे.'"

"हो. पण पुढं ती जेवत नाही!"

"'मृणाल डोळे पुसत म्हणाली, तुम्ही बसा ना, मी मागून बसते.' अहो, ही माणसं कायमची वेगळी होतायत की पंगतीला बसतायत?"

बाई फटकळ खऱ्या, पण त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मला मराठीत भांडताच येत नाही!

हसू नका. आमचे कुणी पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून आमची मराठी घरातच. आरती मराठीत, वरणभात मराठीत, पाळण्यातल्या पोराला जोजवणं मराठीत, तापलेल्या कपाळावर हात ठेवून 'आता कसं वाटतं?' विचारणं मराठीत. भांडण मात्र रस्त्यावरची गोष्ट, आणि रस्ता हिंदी! रिक्षावाल्याशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, साहेबाशी मनातल्या मनात फार उच्च प्रतीची हिंदी. घरातसुद्धा राग आला की जीभ आपोआप चपला घालून हिंदीत निघून जाते. मराठीत मला रागवायचं झालं तर एकच वाक्य येतं: जेवून घे.

पण लेखकानं हार मानायची नसते. मी घरातच भांडण लावायचं ठरवलं. माझी लेक मीनल पंच. (तिला मराठी सगळी समजते, बोलायची वेळ आली की ती एकदम पाहुणी होते.) "जो हिंदी बोलेगा वो आउट," तिनं नियम सांगितला.

मी दमदार सुरुवात केली. "सुनंदा, भाजीत मीठ नाही!"

"आहे."

"नाही!"

"असं का? थांबा, वरून घालून देते."

"मम्मी, ये फाइट है?" मीनल कळवळली. "कुछ तो बोलो!"

सुनंदानं पदर खोचला. "बरं. तीस वर्षं झाली लग्नाला. तुम्ही एकदा तरी माझं ऐकलं? एकदा तरी... कभी सुनी है आपने मेरी? कभी? किसी की भी सुनी है?"

"आउट!" मीनल ओरडली.

पण आता कोण थांबतंय! सुनंदा पुढची अकरा मिनिटं अस्खलित हिंदीत बोलली. अशी आग, असा वेग, मध्ये श्वास नाही! मी भराभर टिपणं काढत होतो. शेवटी तिचा आवाज फुटला, डोळे भरले, आणि मी नम्रपणे विचारलं, "हे शेवटचं वाक्य मराठीत कसं होईल?"

पुढचे दोन दिवस आमच्या घरी दुधी भोपळा होता.

मग मी ओमतीच्या ठाण्यासमोर पानाच्या टपरीवर बसून लोकांची भांडणं ऐकली. एकाहून एक सरस, पण सगळी हिंदीत. तिसऱ्या दिवशी हवालदारानंच विचारलं, "अंकल, किसी की ज़मानत करानी है क्या?" तिथून उठलो तो थेट मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत जाऊन बसलो. म्हटलं, मंडळात तरी भांडण शुद्ध मिळेल! अजेंडा मराठी, इतिवृत्त मराठी, 'अध्यक्षमहोदय, माझी नम्र सूचना' वगैरे तर फारच मराठी. गणपतीच्या मंडपातल्या दिव्यांचा विषय निघाला मात्र, खजिनदार टेबलावर हात आपटून उभे राहिले: "अरे यार, हर साल का यही ड्रामा है!"

मी घरी येऊन डोकं धरून बसलो. सुनंदा पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्याशी मराठीत भांडणारा एकच माणूस होता या शहरात."

नाव तिनं घेतलं नाही. कारण आमच्या घरात ते नाव घ्यायचं नाही, असा माझाच कायदा होता. अकरा वर्षांपासून.

दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. आमच्यात शुद्ध मराठीत भांडणारा तो एकटा, कारण मॅट्रिकपर्यंत तो अमरावतीला मामाकडे वाढला आणि येताना वऱ्हाडी दारूगोळा सोबत घेऊन आला. मी तोफांचे कागद करायचो, दादा त्या तोफा मैदानावर उडवून बघायचा. घरीही तसंच. मी काही बोललो की, "काहून बे बाळ्या, तुले काही समजते का?" आणि धडाम!

आता भांडण कशावरून झालं तेही सांगतो. कादंबरीत लपवता येतं, इथं लपवलं तर सुनंदा हे पान फाडून टाकेल.

आई सहा महिने दादाकडं, सहा महिने माझ्याकडं राहायची. त्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी मंडळाच्या नाटकात नायक होतो. तिसऱ्या अंकात नायकाची आई मरते आणि तो साडेचार मिनिटं रडतो. (हे मी रचत नाही. रचलं असतं तर बाईंनी 'फार जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवलं असतं.) मी दादाला म्हणालो, "पंधरा दिवस अजून ठेव. नाटक झालं की नेतो." आई बाराव्या दिवशी गेली. मी तालमीत होतो, फोन पिशवीत होता.

दहाव्याला ग्वारीघाटावर सगळे नातेवाईक जमलेले. मी रडायला लागलो. दादा चार माणसांत म्हणाला, "नाटकातलं रडणं संपलं असलं तर आता खरं रड, बाळ्या."

आणि मी म्हणालो, "आज से मेरा कोई भाई नहीं."

आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य मी हिंदीत बोललो. मराठीत बोलायला गेलो असतो, तर कदाचित 'जेवून घे'वर आलो असतो आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं.

पुढं अकरा वर्षं मी ज्याला त्याला सांगत राहिलो की दादानं घाटावर माझा अपमान केला. दर वेळी तो अपमान थोडा मोठा होत गेला. शेवटी शेवटी तर त्यात दादानं माझ्यावर हातही उगारला होता!

तर, मी निघालो. सुनंदाला बजावलं, "मी भावाकडं जात नाहीये. साहित्यासाठी जातोय. त्याला डिवचायचं, तो भांडेल, मी टिपून घेईन, आणि परत."

"जा ना," ती म्हणाली. तिनं एक डबा हातात दिला. "वहिनींना द्या. आणि जरा जोरात बोला."

मला भरून आलं. तीस वर्षांत पहिल्यांदा बायको माझ्या बाजूनं उभी होती!

आमच्या मदन महलहून दादाचं महाराजपूर म्हणजे काही परदेश नव्हे. स्कूटरवर अर्धा तास. पण मला दीड तास लागला. वाटेत अधारतालला मी दोनदा हवा भरली. एकदा चाकात, एकदा स्वतःत.

दार वहिनींनी उघडलं. "भाऊजी!" म्हणाल्या आणि तोंडावर हात धरून तशाच उभ्या राहिल्या. डबा मी त्यांच्या हातात कोंबला. दादा व्हरांड्यात खुर्चीवर बसून मटार सोलत होता. मोठा देह होता त्याचा; आता खुर्चीतच खूप जागा उरली होती. त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ये," म्हणाला. आणि पुन्हा मटार.

अकरा वर्षांनी भाऊ दारात उभा, आणि 'ये'! मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि तयारी करून आणलेलं वाक्य टाकलं. "मी काही माफी मागायला आलेलो नाही."

दादानं एक शेंग फोडली.

"ऐकलंस का? माफी मागायला नाही आलो!"

दुसरी शेंग. दाणे पत्र्याच्या टोपल्यात टणटण पडले. हा तुच्छतेचा कळस झाला! माझ्या डोक्यात काहीतरी उडालं आणि मी सुरू झालो. आणि काय सांगू तुम्हाला, मराठीत! अख्खी, सलग मराठी. जी तीन महिने शोधून सापडत नव्हती, ती कुठून कुठून धावत आली. आईची आली, मामाची आली, दादाची स्वतःची आली!

"चार माणसांत माझी इज्जत काढली तू! काहून? एकट्यात नाही बोलता आलं तुले? थोबाडीत द्यायची होती दोन, घरी नेऊन! लहानपणी नाही दिल्या? तेव्हा तर भिंतीपलीकडच्यालाही कळू दिलं नाही कधी!"

शेंग. टण.

समोरच्या घराची खिडकी उघडली. शेजारचे तिवारीजी गच्चीवर आले. दोन बाया फाटकाशी थांबल्या. गल्लीत कुणालाही मराठीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून मला आणखीच जोर चढला.

"अकरा वर्षं झाली! दिवाळीला वाटायचं, आता येईल. माझं ऑपरेशन झालं तेव्हा वाटलं, आता तरी येईल. मीनल पास झाली, तेव्हा पेढे दोन किलो जास्त आणले मी, माहीत आहे? कोणी खाल्ले ते? मीच खाल्ले! शुगर झाली मला!"

शेंग. टण. टण.

"बोल ना! मूग गिळून काय बसून राहिला? मला काय माहीत नव्हतं का, की मी चुकलो? तू सांगायला पाहिजे होतं? ती गेली तेव्हा मी रडायची प्रॅक्टिस करून राहिलो होतो, दादा! आणि चांगलं जमून राहिलं होतं मला त्या दिवशी! सगळे टाळ्या वाजवून राहिले होते!"

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, तेव्हा ते मी स्वतःसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं. वही हातात होती. त्यात काहीही लिहिलेलं नव्हतं.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून रडत होत्या. गच्चीवरून तिवारीजींनी घसा साफ केला.

"भाभीजी, सब ठीक है? कौन हैं ये?"

"देवर हैं मेरे," वहिनी म्हणाल्या.

"अच्छा, अच्छा. बहुत गुस्से में हैं."

"गुस्सा नहीं हैं, भैया."

"अच्छा. तो इनको बता तो दीजिए," तिवारीजी फार अदबीनं म्हणाले, "दादाजी को सुनाई नहीं देता. तीन साल हो गए."

मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. अर्धं वयानं नेलं होतं, अर्धं तोफांनी. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून दादानं ते कपाटात टाकलं. सुनंदाला सगळं ठाऊक होतं. हळदीकुंकवाला दोघी जावा दर वर्षी भेटायच्या. पण त्या घरचं नाव काढायचं नाही, हा कायदा माझा. कायदा पाळणारी बाई! ती एवढंच म्हणाली होती, जरा जोरात बोला.

म्हणजे आयुष्यातलं माझं एकमेव मराठी भांडण मी अशा गल्लीत केलं, जिथं वहिनी सोडल्या तर ज्यांना ऐकू येत होतं त्यांना कळत नव्हतं, आणि ज्याला कळलं असतं त्याला ऐकू येत नव्हतं!

दादानं मटार बाजूला सारले. माझ्या चेहऱ्याकडं पाहत, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्यानं वहिनींना विचारलं, "काय म्हणून राहिला हा?"

वहिनींनी डोळे पुसले. खिडकीतली एक शाळेची वही उचलली, दोरीनं पेन बांधलेली. त्याच्याशी बोलायची ती वही. त्यांनी पान काढलं, पेन टेकवलं, आणि थांबल्या.

"सांग ना," दादा म्हणाला. "एवढं तोंड हलवून राहिला, काहीतरी म्हणत असंलच ना!"

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, भाऊजी." त्यांनी वही माझ्यापुढं धरली. "तुम्हीच लिहा."

मी दादासमोर बसलो आणि वही मांडीवर घेतली. आधीची पानं दिसत होती. *गॅसवाला येऊन गेला. गोळी घेतली का? आज कारलं आहे, तोंड वाकडं करू नका.* तीन वर्षांचा संसार एवढ्याएवढ्या ओळींत. खाली कोरी जागा.

दादानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. वहिनी उभ्या. गच्चीवर तिवारीजी उभे. मी लेखक माणूस; दोनशे चाळीस पानं पाठीशी. इथं फक्त एक ओळ पाहिजे होती. आत्ताच तर बोललो होतो, तीच!

लिहिलं: *दादा, तू घाटावर म्हणालास ते.* खोडलं.

लिहिलं: *दादा, आईच्या वेळी मी.* खोडलं. नीट खोडलं गेलं नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा खोडलं. पुन्हा वरून.

मग त्याखाली तिसरी ओळ लिहिली आणि वही त्याच्या हातात दिली.

दादानं ती हातभर लांब धरून, तोफखान्याच्या आवाजात, अख्ख्या गल्लीला वाचून दाखवली.

"'चहा घेईन. साखर नको.'"

त्यानं वही खाली केली. "इतका बोंबलून राहिला होता, ते चहासाठी?"

मी मान हलवली. हो.

"ए, ऐकते का, चहा टाक याच्यासाठी! केव्हाचा मागून राहिला बिचारा!"

तिवारीजींना बहुधा 'चहा' एवढं कळलं. "चाय चाहिए थी!" त्यांनी सुटकेचा श्वास टाकत खालच्या बायांना सांगितलं, आणि गल्ली पांगली.

दादा मात्र वही सोडेना. त्यानं ते पान उजेडाकडं तिरकं धरलं. "आणि हे वर काय खोडलं?"

मी हातानं सांगितलं, काही नाही.

"काही नाही तं इतकं जोरात काहून खोडलं बे? पान फाटलं ना."

त्यानं वही मांडीवर ठेवली आणि फाटलेल्या जागेवरून हळूहळू तळवा फिरवत राहिला, सुरकुतलेली चादर सारखी करावी तसा. तीन-चार वेळा. मी मटारांच्या टोपल्याकडं बघत होतो. मला रडू येत होतं आणि नेमकं त्याच माणसासमोर येत होतं, ज्याला माझ्या रडण्यातलं खरं-खोटं कळतं. मग त्यानं टोपलं आमच्या दोघांच्या मध्ये ओढलं.

"सोल," म्हणाला. "आणि उद्या ये. नवी वही आणून ठेवतो."

मी शेंगा सोलायला लागलो. दोघंही सोलत होतो.

वहिनींनी चहा आणला. मी एक घोट घेतला. अकरा वर्षांपूर्वी मी घ्यायचो तशी, मोजून दोन चमचे साखर! नको म्हणून मी स्पष्ट लिहून दिलं होतं, सगळ्या गल्लीसमोर त्याचं जाहीर वाचनही झालं होतं. पण मी लिहिलेलं कुणाला खरंच वाटत नाही, त्याला मी काय करू! प्यालो.